रोज दोन तास व्यायाम करूनही अंतराळवीरांना स्ट्रेचरवरून का नेतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुनीता विल्यम्स २०२५ च्या मार्चमध्ये २८६ दिवसांनी स्पेस स्टेशनवरून परत आल्या तेव्हा त्यांना कॅप्सूलमधून काढून थेट चाकाच्या स्ट्रेचरवर बसवलं, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. स्टेशनवर रोज दोन-अडीच तास व्यायाम करतात म्हणे, मग तो सगळा वाया गेला का? आणि त्याला जोडून विचारणाऱ्या दादांनी वडिलांचं लिहिलंय. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर ते सहा आठवडे पलंगावर होते, पडल्या पडल्या सांगितलेले सगळे व्यायाम नेमाने केले, आणि तरी पहिल्यांदा उभं केलं तेव्हा पांढरेफटक पडले आणि मटकन खाली बसले. आता ते म्हणतायत, अंतराळवीरांना उपयोग झाला नाही तिथे मला काय होणार, मी व्यायाम करणार नाही.

या शेवटच्या वाक्यासाठी एवढं मोठं उत्तर लिहायला बसलेय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चोवीस वर्षं झाली. माझ्याकडे येतात ते अंथरुणाला खिळलेले, आयसीयूतून बाहेर आलेले, आणि चक्कर येऊन तोल जाणारे पेशंट. अंतराळवीर काही माझ्याकडे आलेले नाहीत, पण हे वाटतं तितकं लांबचं नाही, कारण वजनरहित अवस्थेत शरीराचं काय होतं ते जमिनीवर बघायचं असेल तर माणसाला पलंगावरच झोपवतात. जर्मनीत कोलोनला, फ्रान्समध्ये तुलूझला असे अभ्यास होतात, धडधाकट माणसं साठ-साठ दिवस पलंगावर, डोक्याकडची बाजू सहा अंश खाली केलेली, जेवण, आंघोळ, बेडपॅन सगळं आडव्यानेच. मी हे अभ्यास खूप वर्षं वाचत आलेय, कारण आपला म्हातारा पेशंट आजाराने किती ढासळला आणि नुसतं पडून राहिल्याने किती, हे एरवी वेगळं काढताच येत नाही. तिथे आजार नसतोच, त्यामुळे जे ढासळलं ते पडून राहण्याचंच.

आता मुद्दा. आपण सगळे असं धरून चालतो की उभं राहता आलं नाही म्हणजे पायात ताकद राहिली नाही. पण उभं राहायला ताकद ही एक गोष्ट लागते, शिवाय डोक्यापर्यंत रक्त चढावं लागतं, आणि तोल सांभाळावा लागतो. व्यायामाने पहिलीची काळजी चांगली घेतली जाते, दुसरीची अर्धीमुर्धी, आणि तिसरीची तिथे वर जवळजवळ घेताच येत नाही. स्ट्रेचर लागतो तो बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीसाठी. आणि तो नियम म्हणूनही असतोच, नुकतंच समुद्रात उतरलेल्या, डचमळणाऱ्या कॅप्सूलमधून बाहेर आलेल्या माणसाला कोणी पायऱ्या उतर म्हणत नाही, मग तो कितीही ठणठणीत असो.

रक्ताचं आधी सांगते. स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं नाही, जमिनीच्या जवळपास ९० टक्के असतं, पण स्टेशन आणि आतली माणसं पृथ्वीभोवती सतत एकत्र पडत असतात म्हणून वजन जाणवत नाही. इथे आपल्या शरीरातलं पाणी दिवसभर पायाकडे ओढलं जातं आणि ते वर चढवायची यंत्रणा सतत चालू असते. वर गेल्यावर ती ओढच जाते, त्यामुळे पायातलं पाणी छातीकडे आणि चेहऱ्याकडे सरकतं, चेहरा सुजल्यासारखा, नाक चोंदलेलं आणि पाय काटकुळे. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, मग ते लघवीवाटे काढलं जातं, तहानही कमी लागते, आणि रक्तातला पातळ भाग दहा-पंधरा टक्के घटतो. वर असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही, शरीराने तिथल्यापुरता हिशोब जुळवलेला असतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुनीता विल्यम्सचे फोटो बघून त्या खंगल्या अशी आरडाओरड झाली होती आठवत असेल, तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं की वर आले तेव्हा होतं तेवढंच वजन आहे, पाणी शरीरात सरकलंय, आणि वजनं उचलून मांड्या उलट थोड्या भरल्यात.

अडचण येते ती परतताना. ओढ पुन्हा सुरू, रक्त पायात उतरतं, आणि ते वर ढकलायचा सराव मोडलेला. म्हणून परतीच्या आधी त्यांना मिठाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी घ्यायला लावतात आणि पायाला-पोटाला घट्ट आवळणारे कपडे घालतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, अपघातात मांडी मोडलेली, दोन महिने ट्रॅक्शनवर, म्हणजे वजनं लावून पाय ताणून ठेवलेला. तालमीत जाणारा, दंड असे की पलंगाच्या वरच्या दांडीला धरून अख्खं शरीर उचलायचा. चांगल्या पायात ताकद मी हाताने तपासली होती, उत्तम होती. मी म्हटलं हा काय सहज उभा राहील, आणि त्याला झोपलेला होता तिथून थेट वॉकरला उभं केलं. दहा सेकंद तो हसत होता. मग म्हणाला, मॅडम तुमचा आवाज लांबून येतोय, आणि ओठ पांढरे झाले, कपाळावर घामाचे थेंब, आणि तो सगळा माझ्या खांद्यावर आला. वॉर्डबॉय धावला म्हणून आम्ही दोघं पडलो नाही. त्याच्या पायात काहीही कमी नव्हतं, रक्त तेवढं वर पोचलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत मी एकाही पेशंटला झोपेतून थेट उभं केलेलं नाही. आधी पलंगाचा डोक्याकडचा भाग वर, मग पाय खाली सोडून बसणं, आणि गरज असली तर टिल्ट टेबल, म्हणजे पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करायचं टेबल. प्रत्येक पायरीला बीपी.

तुमच्या वडिलांचं वर्णन वाचून मला तोच मुलगा आठवला.

आता तोल. कानाच्या आतल्या भागात चुन्याचे अगदी बारीक खडे असतात, ते एका जेलीसारख्या थरावर बसलेले असतात. मान वाकवली की गुरुत्वाकर्षणाने ते जरासे घसरतात आणि मेंदूला कळतं की डोकं कललं. वजनच नसेल तर मान कितीही वाकवा, हे खडे कलल्याचं काही सांगत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना मळमळतं, उलट्या होतात, कारण डोळे एक सांगतात आणि कान दुसरं. मग मेंदू शिकतो, या खड्यांचं ऐकू नको, डोळ्यांवर विसंबून राहा. आणि सहा-नऊ महिने तसा वागल्यावर खाली आला की खडे पुन्हा बोलायला लागतात, आणि मेंदूला त्यांची भाषा आठवत नाही. बुटाची लेस बांधायला वाकलं तरी अख्खी खोली उलटी होतेय असं वाटतं. कोपऱ्यावर वळताना भिंतीला धडकतात. डोळे मिटून उभं केलं तर पडतात.

याला किती दिवस लागतात वर राहायला? फार नाही. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये गेले, जेमतेम वीस दिवस अंतराळात होते, त्यांनाही परतल्यावर दोन्हीकडून धरून चालवलेलं आपण पाहिलं, रोज व्यायाम करणाऱ्याची वीस दिवसांत उभं राहता येऊ नये एवढी ताकद जात नाही. त्यांनीच सांगितलेला किस्सा आहे, पलंगावर बसून लॅपटॉपवर काम झालं आणि त्यांनी तो बाजूला हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून, आणि तो खाली पडला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण हात मजबूतच होता, मेंदूने हाताला सांगितलेला नियम तेवढा वरचा होता.

आणि हे वर व्यायामाने टाळता का येत नाही, तर ज्या ओढीविरुद्ध तोल सांभाळायचा ती ओढच तिथे नाही. पोहायला शिकायचं तर पाणी लागतं, तसं.

मग दोन-अडीच तास रोज करतात काय आणि त्याने वाचतं काय?

आधी असा जोराचा व्यायाम नव्हता तेव्हा काय व्हायचं ते बघा. १९७० च्या जूनमध्ये सोयुझ ९ या सोव्हिएत यानात निकोलायेव आणि सेवास्त्यानोव हे दोघं जवळजवळ अठरा दिवस राहिले, अरुंद कॅप्सूल, हालचालीला जागा नाही. उतरल्यावर त्यांची अवस्था इतकी वाईट होती की उचलून न्यावं लागलं, आणि सावरायला बरेच दिवस लागले. त्याच धक्क्याने रशियन डॉक्टरांनी व्यायाम सक्तीचा केला. आणि पंचवीस वर्षांनी, १९९५ च्या मार्चमध्ये, वालेरी पोल्याकोव रशियाच्या मीर स्टेशनवर सलग ४३७ दिवस राहून उतरले, आजही सलग मुक्कामाचा विक्रम त्यांचाच आहे, ते स्वतः डॉक्टर होते, आणि वर नेमाने व्यायाम करत होते. कॅप्सूलमधून काढल्यावर उचलून नेण्याऐवजी ते जवळच्या खुर्चीपर्यंत थोडं अंतर आपल्या पायांनी चालत गेले, मंगळावर पोचलेला माणूस कामाचा राहील हे त्यांना दाखवायचं होतं. अठरा दिवसांत दोघांना उचलावं लागतं आणि चारशे सदतीस दिवसांनी एक जण चालतो, व्यायामाने काय होतं याचं उत्तर मी यातच देते.

आताच्या स्टेशनवर तीन साधनं आहेत. सायकल आहे पण तिला बसायची सीट लागत नाही, बूट पेडलला अडकवायचे आणि तरंगत चालवायची. ट्रेडमिल भिंतीवर लावलेली आहे, खांद्यावर आणि कमरेला पट्टे बांधून इलॅस्टिकने माणसाला खाली ओढून धरतात, नाहीतर पहिल्याच पावलाला तो उडून जाईल. ते पट्टे खांद्याला-कमरेला चांगलेच काचतात. २००७ च्या एप्रिलमध्ये सुनीता विल्यम्सनी अशाच पट्ट्यांमध्ये बॉस्टन मॅरेथॉन धावली, साधारण ४ तास २४ मिनिटांत. घाम खाली ओघळत नाही, अंगालाच गोळा होऊन चिकटून राहतो, टॉवेलने टिपत राहायचं.

पण माझ्या दृष्टीने खरं काम तिसरं साधन करतं, वजनं उचलायचं. डंबेल तिथे निरुपयोगी, कितीही किलोचा असो, बोटाने ढकलता येतो. म्हणून त्यांनी निर्वात नळकांड्यांमधला दट्ट्या ओढायचं यंत्र बसवलंय, २००८ च्या शेवटी गेलं ते, त्यात २७२ किलोपर्यंतचा जोर लावता येतो. आधीच्या यंत्रात १३६ च्या आसपास यायचा. आणि हा नुसता आकड्यांचा फरक नाही हो. आधीच्या यंत्रावरही अंतराळवीर प्रामाणिकपणे व्यायाम करतच होते, तरी खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्का जात होती. इथे पाळी गेलेल्या बाईची साधारण वर्षभरात जाते तेवढी. जोर दुपटीने वाढला, पुरेसं खाणं आणि ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा ही झीज बरीच रोखली गेली. हाडाला किती वेळ हललात यापेक्षा किती भार सोसलात हे कळतं. मी पेशंटला हे रोज सांगते, पडल्या पडल्या पाय शंभरदा हलवलात तर चांगलंच आहे, सांधा मोकळा राहील, पायात गुठळी होण्याचा धोका कमी होईल, पण हाडाला ते कळणार नाही, त्याला तुमचं वजन हवंय.

बैठका, वाकून उचलणं, टाचा वर करणं, हे तीन व्यायाम मुख्य. म्हणजे मांड्या, कंबर, पोटऱ्या. हातांची तितकी काळजी करावी लागत नाही, कारण तिथे सगळा वावर हातांनीच असतो, दांडी धरून ढकलायचं आणि जायचं. पाय फक्त कुठेतरी अडकवून ठेवायला. त्यामुळे एक गंमत होते जी मला पायाकडे बघणारी बाई म्हणून फार आवडते, काही महिन्यांत तळव्याची घट्टे पडलेली कातडी सोलून जाते, तळवे लहान बाळासारखे मऊ होतात, आणि पायाच्या वरच्या बाजूला, जिथे ते दांडीखाली अडकवतात तिथे घट्टे पडतात. तळपाय हे माझ्या लेखी तोलाचं इंद्रिय आहे. सहा आठवडे पलंगावर असलेल्या माणसाचा तळवाही असाच हळवा होतो. फरशीवर पहिलं पाऊल टाकताना पेशंट म्हणतात खाली काहीतरी टोचतंय, बघितलं तर खाली काही नसतं.

इथपर्यंतचं जरा गोळा करते. चक्कर येऊन कोसळणं हे रक्ताचं, त्याला काही तास ते काही दिवस लागतात. भिंतीला धडकणं हे कानाचं, ते पहिल्या काही दिवसांत झपाट्याने आणि मग पुढे काही आठवड्यांत सुधारतं. स्नायू व्यायामाने बऱ्यापैकी टिकलेले असतात. आणि हाड, जे टीव्हीवर कोणालाच दिसत नाही, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

लोक स्ट्रेचर बघून हळहळतात आणि मला काळजी हाडाची वाटते. २०२२ साली एक अभ्यास आला, १७ अंतराळवीरांची हाडं परतल्यावर वर्षभर तपासली. नऊ जणांच्या नडगीच्या हाडाची वर्षानंतरही पूर्ण भरपाई झालेली नव्हती, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्यांची भरपाई कमी झाली. हाडाच्या आत बारीक कमानींसारखी जाळी असते, उरलेल्या कमानी पुन्हा जाड होतात पण जी एकदा तुटून गेली ती परत जोडली जात नाही. माणूस तोवर चालत असतो, पळत असतो, बाहेरून बघून कोणी ओळखणार नाही.

आता हे सगळ्यांना सारखं होतं का, तर नाही. एकाच मोहिमेतल्या दोघांच्यात मोठा फरक पडतो. वय, आधीचं हाड कसं होतं, किती जोर लावून व्यायाम केला, जेवण पोटभर गेलं का (वर भूक कमी लागते, आणि कमी खाऊन केलेला व्यायाम स्नायूच खातो), यावर अवलंबून असतं. आणि मुक्काम ठरवल्याप्रमाणे संपेलच असंही नाही. नासाचे फ्रँक रुबिओ २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सहा महिन्यांसाठी गेले, डिसेंबरमध्ये त्यांच्या सोयुझ यानातून कूलंट, म्हणजे यान थंड ठेवणारा द्रव, गळलं, दुसरं यान येईपर्यंत आणि पुढचा क्रम लागेपर्यंत ३७१ दिवस झाले. सुनीता विल्यम्स तर आठवडाभरासाठी गेल्या होत्या. म्हणूनच तिथे कोणी असं म्हणत नाही की पुढच्या महिन्यात परतायचंच आहे, आता व्यायाम राहू दे.

परतल्यावर नासाचा कार्यक्रम ४५ दिवसांचा असतो, रोज दोन तास, सुट्टी नाही. सुरुवातीला नुसतं चालणं, वळणं, चेंडू झेलणं, मऊ गादीवर उभं राहणं. कंबर सांभाळून, कारण वर पाठीचा कणा लांबून उंची काही सेंटिमीटर वाढलेली असते आणि मणक्याला लागून असलेले बारीक स्नायू नेमके मोठ्या यंत्रावर नीट कामाला लागत नाहीत, त्यामुळे परतल्यानंतर मणक्यांमधली गादी सरकायचा धोका वाढतो. गाडी लगेच चालवू देत नाहीत. माझ्याकडच्या तोलाच्या पेशंटला मी जवळजवळ हेच करून घेते, फक्त चेंडूच्या जागी कधी टोमॅटो असतो, कारण आजींना तो पडू द्यायचा नसतो आणि त्या जास्त लक्ष देतात.

आता वडिलांचं. त्यांच्यात आणि अंतराळवीरांत एक मोठा फरक आहे, तो त्यांना जरूर सांगा. पलंगावर असताना गुरुत्वाकर्षण चालूच होतं, कान त्याची भाषा विसरलेले नाहीत. त्यांना बहुतेक रक्ताचा आणि पोटऱ्यांचा प्रश्न आहे, आणि त्याला दिवस कमी लागतात. पण मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे दोन गोष्टी आधी विचारून घ्या. सर्जनला विचारा ऑपरेशनच्या पायावर किती वजन टाकायचं, ते प्रत्येक ऑपरेशनला वेगळं असतं. आणि बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर फिजिशियनला सांगा की उभं राहताना पांढरे पडले, काही गोळ्यांनी हे वाढतं. छातीत दुखलं, दम लागला किंवा एकच पोटरी सुजली असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

ते ठीक असेल तर सकाळी नाश्त्याच्या अर्ध्या तासाने, पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. आधी पाठीला उशा लावून दहा मिनिटं बसवा. मग पाय खाली सोडून बसवा, तळवे फरशीला पूर्ण टेकलेले हवेत, पलंग उंच असेल तर खाली पाट द्या. तसंच बसून पावलं वर-खाली वीस-तीस वेळा, पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. बीपीचं मशीन घरी असेल तर झोपून एकदा आणि बसून एकदा मोजा, वरचा आकडा वीसने किंवा जास्त उतरला तर त्या दिवशी उभं करू नका. नाही उतरला तर वॉकर पुढ्यात, तुम्ही बाजूला, मागे खुर्ची टेकवलेली, आणि पहिल्या दिवशी फक्त एक मिनिट. उभं असताना त्यांच्याशी बोलत राहा, उत्तर द्यायला उशीर झाला किंवा आवाज लांबून येतोय म्हणाले तर लगेच बसवा. दुसऱ्या दिवशी दोन वेळा, असं वाढवत जा.

चार-पाच दिवसांनी कितपत उभे राहतायत आणि बीपीचे आकडे काय आले ते लिहा, मग पुढचं सांगते.